पत्रा, कागद आणि १९६७ ची पॉन्टिॲक जीटीओ

ओहायोमधल्या एका विक्रेत्याने मला गाडीचे ऐंशी फोटो पाठवले होते आणि त्यांतल्या एकातही ड्रायव्हरच्या दाराच्या बिजागरीजवळचा खांब दिसत नव्हता. बाकी सगळे होते: झळाळता लाल रंग, नवेकोरे सीट, जाळीवरचा जीटीओचा बिल्ला. दार उघडून तेवढी एक जागा दाखवा, असे तीनदा कळवल्यावर चौथ्या दिवशी एक अंधूक फोटो आला आणि त्यातल्या पट्टीवरचा चासी क्रमांक २३७ ने सुरू होत होता. १९६६ पासून पॉन्टिॲकने जीटीओला स्वतंत्र मालिका दिली, त्यामुळे १९६७ च्या खऱ्या जीटीओचा क्रमांक २४२ नेच सुरू व्हायला हवा. २३७ म्हणजे ल मान्स, त्याच कुटुंबातली साधी गाडी, जिला कोणीतरी बिल्ले लावून जीटीओच्या भावात बाजारात आणले होते. मी तो सौदा तिथेच सोडला. इसार दिलेला नव्हता, म्हणून पैसे वाचले. सहा आठवडे मात्र गेले.

मी लेस्टरला राहतो आणि अमेरिकेतून जुनी मसल कार, म्हणजे मध्यम आकाराच्या गाडीत मोठे, ताकदवान इंजिन घातलेली गाडी, इथे, इंग्लंडमध्ये आणण्याच्या या खटाटोपात माझी दोन वर्षे गेली. ज्यांना हे करायचे आहे त्यांच्यासाठी लिहीत आहे, आणि माझे म्हणणे एकच आहे: परदेशातून अशी गाडी घेताना आधी कागद पाहावेत, मग पत्रा पाहावा आणि इंजिनाचा आवाज सर्वांत शेवटी ऐकावा. बहुतेक जण हा क्रम उलटा लावतात, कारण व्ही-८ इंजिनाचा आवाज व्हिडिओतून ऐकला की माणसाचे भान सुटते. माझेही सुटले होते.

जीटीओच का, तर मसल कारची सुरुवात तिथून झाली म्हणून. पॉन्टिॲक हा जनरल मोटर्सचाच एक ब्रँड. मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठे इंजिन बसवायचे नाही, असा जनरल मोटर्सचा दंडक होता. पॉन्टिॲकचे अभियंते जॉन डिलोरियन आणि त्यांच्या तिथल्या सहकाऱ्यांनी १९६४ साली ३८९ घनइंचांचे इंजिन टेम्पेस्ट ल मान्सवर जादा पैसे भरून मिळणारा जीटीओ नावाचा पर्याय म्हणून दिले आणि त्या नियमाला वळसा घातला. पहिल्याच वर्षी ३२,४५० गाड्या गेल्या. १९६७ मध्ये इंजिन ४०० घनइंचांचे, म्हणजे सुमारे साडेसहा लिटरचे झाले, तीन गिअरचा मजबूत टर्बो-हायड्रामॅटिक ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आला, ब्रेकचा मास्टर सिलिंडर दोन भागांचा झाला आणि पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक मागवता येऊ लागले. इंग्लंडच्या पावसात जुन्या ड्रम ब्रेकवर दीड टनाहून जड गाडी थांबवायची म्हणजे काय, हे ज्याने अनुभवले आहे त्याला १९६७ हे वर्ष निवडण्याचे कारण वेगळे सांगावे लागणार नाही. त्या वर्षी ८१,७२२ जीटीओ बनल्या, त्यामुळे आजही गाडी मिळते आणि सुटे भागही मिळतात.

दुसरे कारण कागदाचे. पॉन्टिॲकच्या कारखान्याची मूळ बिले मायक्रोफिल्मवर जपलेली आहेत आणि पॉन्टिॲक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडे शुल्क भरले की आपल्या क्रमांकाच्या गाडीच्या बिलाची प्रत मिळते. कोणते इंजिन, कोणता गिअरबॉक्स, कोणता रंग, कोणत्या डीलरकडे रवानगी झाली, सगळे त्यात असते. फोर्डच्या १९६७ पासूनच्या गाड्यांसाठी कारखान्याच्या नोंदींचा असाच अहवाल, मार्टी रिपोर्ट, मिळतो. मला मनापासून आवडणाऱ्या १९७० च्या शेव्हेल एसएसच्या, म्हणजे शेव्हरलेच्या शेव्हेल गाडीच्या ताकदवान आवृत्तीच्या, बाबतीत ही सोय नाही. तिच्या चासी क्रमांकात एसएस असल्याचा उल्लेख नसतो, कारखान्याची नोंद अमेरिकेत विकलेल्या गाडीसाठी मिळत नाही, आणि पेट्रोलच्या टाकीवर किंवा सीटच्या स्प्रिंगांत अडकलेला बांधणीचा मूळ कागद सापडला तरच खात्री पटते. समोर उभी असलेली गाडी असेल तर माणूस टाकी खाली उतरवून शोधू शकतो. समुद्रापलीकडून ते जमत नाही. म्हणून शेव्हेल मी यादीतून काढली. डॉज चॅलेंजरच्या क्रमांकात इंजिनाचा संकेत असतो, पण तिला वेगळी चासी नाही, सगळी ताकद पत्र्याच्याच सांगाड्यात आहे, आणि तो सांगाडा गंजला की काम फार खोलवर जाते.

आता पत्र्याविषयी. मिशिगन, ओहायो, पेनसिल्व्हेनिया या पट्ट्यात हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, आणि साठ वर्षांत ते मीठ गाडीचे काय करते हे फोटोत कधीच दिसत नाही. ॲरिझोना, न्यू मेक्सिको, नेवाडा इथल्या गाड्यांचे डॅशबोर्ड उन्हाने तडकलेले असतात, सीटचे विनाइल कडक होऊन फाटलेले असते, रंग उडालेला असतो, आणि तरीही मी डोळे मिटून अशाच गाडीकडे जाईन. डॅशबोर्ड नवा मिळतो, सीट शिवून घेता येतात. मागच्या चाकांवरून वळण घेऊन जाणारी चासीची पट्टी आतून कुजली असेल, तर गाडी उतरवून चासी वेगळी करण्याशिवाय गत्यंतर नसते.

मी निवडलेली गाडी ॲरिझोनाची होती. तिच्या तपासणीसाठी मी विक्रेत्याशी काहीही संबंध नसलेला एक स्वतंत्र तपासनीस गाठला, त्याला लेखी यादी दिली आणि काम चालू असताना त्याच्याशी व्हिडिओवर बोलत राहिलो. त्याच्याकडे रंगाची जाडी मोजणारे यंत्र होते. ते त्याने दारांच्या खालच्या कडा, मागच्या चाकांच्या कमानी आणि पुढच्या मडगार्डचे शेपूट यांवर वीतभर अंतरावर टेकवत नेले. आकडा सगळीकडे जवळजवळ सारखा येत होता. उजव्या मागच्या कमानीवर तो एकदम चौपट झाला, म्हणजे तिथे रंगाखाली पुट्टी होती. नंतर त्याने डिक्कीतला गालिचा उचलला, टॉर्च मागच्या काचेच्या खालच्या खोबणीकडे फिरवली आणि स्क्रूड्रायव्हरचे टोक दाबून पाहिले. या गाड्यांत पाणी तिथेच साचते आणि तिथूनच झिरपून डिक्कीचा तळ खाते. छपराला विनाइल चढवलेले असेल तर आणखी लवकर. टोक आत गेले नाही. एका हाताच्या पंजाएवढ्या पुट्टीसाठी मी भाव कमी करून घेतला आणि गाडी घ्यायचे ठरवले. डिक्कीत एक खोका होता, त्यात जुन्या टॉवेलात गुंडाळलेला मूळचा रोचेस्टर क्वाड्राजेट कार्बोरेटर निघाला. इंजिनावर नवा बसवला तरी मागच्या मालकाने जुना फेकला नव्हता. त्या खोक्याने माझा त्या माणसावर जेवढा विश्वास बसला, तेवढा चकचकीत फोटोंनी कधी बसला नसता.

पैसे पाठवण्यापूर्वी टायटल, म्हणजे मालकीचा दाखला, पाहणे अत्यावश्यक आहे. विक्रेत्याचे नाव, चासी क्रमांकाचा प्रत्येक आकडा आणि त्यावर कोणत्याही बँकेचा बोजा नसणे या तिन्ही गोष्टी जुळल्या पाहिजेत. अमेरिकेच्या सीमाशुल्क खात्याला निर्यातीच्या किमान ७२ तास आधी मूळ टायटल आणि गाडी दोन्ही बंदरावर हजर लागतात; एक आकडा चुकला तर गाडी गोदीत पडून राहते आणि जागेचे भाडे रोज चढत जाते. ‘टायटल नाही, पण विक्रीची पावती देतो’ असे म्हणणाऱ्याकडून स्वतःच्या गावात कोणी काय घ्यावे तो त्याचा प्रश्न. निर्यातीसाठी अशी गाडी घेऊ नये.

जहाजाचे दोन मार्ग असतात. एकात गाडी चालवतच जहाजात चढवतात आणि चालवतच उतरवतात. ते स्वस्त पडते, पण अनोळखी हातांना किल्ली द्यावी लागते आणि गाडीत सुटे सामान ठेवता येत नाही. मला कार्बोरेटरचा खोका सोडायचा नव्हता, म्हणून मी लाँग बीचहून इतर गाड्यांबरोबर कंटेनरमधली जागा घेतली. विमा पूर्ण जोखमीचा घ्यावा, फक्त संपूर्ण नुकसानीचा नको. सागरी वाहतुकीच्या जुन्या प्रथेप्रमाणे जहाज वाचवण्यासाठी काही माल जाणूनबुजून समुद्रात टाकावा लागला, तर उरलेल्या मालाच्या मालकांनाही त्या नुकसानीचा वाटा उचलावा लागतो. आपली गाडी सुखरूप असूनही बिल येऊ शकते, आणि ते विम्याने भरले पाहिजे.

ब्रिटनमध्ये मोठा फरक पडतो तो कराचा. परदेशातून आणलेल्या सामान्य गाडीवर साधारण १० टक्के सीमाशुल्क आणि वर २० टक्के व्हॅट लागतो. पण गाडी किमान तीस वर्षांची, उत्पादन थांबलेल्या मॉडेलची आणि चासी, स्टिअरिंग, ब्रेक, इंजिन यांत मोठे बदल न केलेली असेल, तर ती ऐतिहासिक संग्रहवस्तू धरली जाते. मग सीमाशुल्क शून्य आणि व्हॅट ५ टक्के. आधुनिक इंजिन आणि नवे सस्पेन्शन घातलेली गाडी चालवायला उत्तम असेल, पण तिच्यासाठी ही सवलत मागणे अवघड जाते. गाडी पोहोचल्यापासून १४ दिवसांत महसूल खात्याला कळवावे लागते आणि त्यानंतरच नोंदणीचा अर्ज पुढे सरकतो. चाळीस वर्षांपेक्षा जुन्या गाडीला रस्ता कर भरावा लागत नाही आणि मोठे बदल नसतील तर वार्षिक तपासणीही सक्तीची नाही. तपासणी मी तरीही करून घेतली. साठ वर्षांच्या गाडीचे ब्रेक दुसऱ्या कोणी तपासलेले असणे मला आवश्यक वाटते.

गॅरेज आधी मोजून ठेवावे. ही गाडी जवळजवळ सव्वापाच मीटर लांब आहे आणि इथल्या अनेक घरांची गॅरेजे त्याहून आखूड असतात. माझ्या गॅरेजमधले फडताळ भिंतीवरून काढल्यावर दाराशी चार बोटे जागा उरली.

गाडी आल्यावरचे पहिले काम दिव्यांचे निघाले. या गाडीत मागे ब्रेक आणि वळणाचा इशारा एकाच लाल दिव्यातून मिळतो. इथल्या नियमाप्रमाणे १ सप्टेंबर १९६५ नंतरच्या गाडीला इशाऱ्याचे दिवे पिवळे लागतात, आणि पुढचे दिवेही डावीकडे झुकणारे बसवावे लागतात. मूळ वायरिंग न कापता मी दोन वेगळे पिवळे दिवे बंपरखाली बसवले. नट सैल केले की ते निघतील आणि गाडी पुन्हा कारखान्यातून आली तशी होईल. दुसरे काम पेट्रोलचे. २०२१ पासून इथल्या साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ते जुन्या रबरी नळ्या मऊ करते. मी सगळ्या नळ्या बदलल्या आणि टाकीत ५ टक्केवाले महाग पेट्रोलच भरतो.

पॉन्टिॲक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडून आलेल्या बिलाच्या प्रतीवर मूळ रंग सिग्नेट गोल्ड असा आहे. आज गाडी निळी आहे. परवा डाव्या दाराच्या आतली पट्टी काढली तेव्हा तिच्यामागे नखाएवढा मूळ सोनेरी रंग शाबूत सापडला. रंगारी पुढच्या महिन्यात येऊन त्यावरून छटा जुळवणार आहे, आणि तोपर्यंत मी ती पट्टी परत लावलेली नाही.