काट्यावरचा डेटा मोबाईलवर
आमच्या यवतमाळकडच्या जिनिंगचा सगळा डेटा वजनकाट्याजवळच्या पीसीत, एसक्यूएल सर्व्हर नावाच्या डेटाबेसमध्ये, अन् शेटला कापसाच्या आवकेचा रिपोर्ट पाहिजे मोबाईलवर, पॉवर बीआयमध्ये (मायक्रोसॉफ्टचं रिपोर्ट दाखवायचं ऑनलाईन सॉफ्टवेअर). मला वाटे राऊटरचं पोर्ट उघडा लागते, पण नाही राजेहो, ऑन-प्रेमिसेस डेटा गेटवे (पीसीतला डेटा पॉवर बीआयपर्यंत नेणारं सॉफ्टवेअर) टाकला की तोच आतून बाहेर कनेक्शन करते, बाहेरून आत यायचं दार उघडाच लागत नाही, मला तर हे लय आवडलं. गेटवेचा पर्सनल मोड नका घेऊ, स्टँडर्ड घ्या, तो विंडोज सर्व्हिस म्हणून, म्हणजे मागं आपोआप, चालते, लॉगिन नसलं तरी. लाईन गेली की मात्र रिफ्रेश, म्हणजे रिपोर्टात नवा डेटा येणं, फेल! म्हणून इन्व्हर्टर लावला, पीसीचं स्लीप बंद केलं, पॉवर बीआयच्या प्रो लायसन्सात दिवसाचे ८च शेड्यूल रिफ्रेश मिळतात ते गाड्या यायच्या वेळेला लावले. अन् गेटवे टाकताना ठरवलेली रिकव्हरी की (पासवर्डसारखी) वहीत लिहून ठेवाच, पीसी बदलला तर गेटवे तिच्यानंच परत येते.