पळता येणारा हौद: ४२० किलो स्टार्च, एक काँक्रीट मिक्सर आणि आईचा चीक

मंडळी, झालं एकदाचं. २८ फेब्रुवारीला, सायन्स डेच्या दिवशी, वर्कशॉपमागच्या मोकळ्या जागेत १२ फूट लांब आणि ३ फूट रुंद हौद कॉर्नफ्लोअर-पाण्याच्या घोळाने भरून त्यावरून अर्धं कॉलेज पळालं, दोन सर पळाले, एक सर मध्येच थांबले आणि पोटरीपर्यंत आत गेले. फोटो सगळ्यांनी पाहिलेत. मी इथे फोटोत न दिसणारं लिहितेय, कारण पुढच्या वर्षी कोणी करणार असेल तर त्याला पळण्यापेक्षा बाकीच्याचीच माहिती जास्त लागणार आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: कॉर्नफ्लोअर म्हणजे मक्याचा स्टार्च, त्यात बरोबर मापाचं पाणी घातलं की ऊब्लेक होतं. हळू हात घातला तर दुधासारखं वाहतं, बुक्की मारली तर दगड. स्टार्चचे कण १०-१५ मायक्रॉनचे असतात आणि मधे पाण्याचा पातळ थर असतो, हळू ढकललं तर कण एकमेकांवरून घसरतात, झटका दिला तर पाण्याला बाजूला व्हायला वेळच मिळत नाही आणि कण एकमेकांना भिडून अडकतात. २०१२ साली शिकागो युनिव्हर्सिटीच्या वाइटुकाइटिस आणि येगर या दोघांनी 'नेचर'मध्ये दाखवलं की वरून दांडा आपटला की त्याच्या खाली घट्ट झालेल्या भागाचा एक गड्डाच तयार होतो आणि तो झपाट्याने वाढत खाली सरकतो. आपला पाय म्हणजे तोच दांडा. पाय उचलला की गड्डा विरघळतो, म्हणून थांबायचं नाही.

२ फेब्रुवारी

पहिली माती खाल्ली ती इथे. सगळीकडे लिहिलेलं असतं दोन वाट्या कॉर्नफ्लोअर एक वाटी पाणी, आम्ही तेच केलं, एकदा झकास झालं, दुसऱ्यांदा सूप, तिसऱ्यांदा हातोडीने फोडावं लागेल असं ढेकूळ. तीच वाटी, तोच पुडा, तेच पाणी. मग काटा आणून मोजलं तर भुरभुरीत भरलेली वाटी आणि आपटून दाबून भरलेली वाटी यांच्या वजनात चांगलाच फरक, म्हणजे 'दोनास एक' म्हणताना स्टार्च वजनाने कधी ५२ टक्के पडत होता कधी ५७, आणि या घोळाचा सगळा खेळ नेमका त्याच पाच टक्क्यांत आहे. त्या दिवसापासून वाटी बंद, फक्त काटा. आम्ही ठरलो ५४ टक्क्यांवर. पोत्यातल्या स्टार्चमध्ये मुळात थोडा ओलावा असतोच, तो यात धरून, कारण आपण पोतं जसं आहे तसंच तोलणार.

त्याच दिवशी रूममेटने उत्साहाने घरून मक्याचं पीठ आणलं होतं, भाकरीचं, पिवळं. त्याचा काही उपयोग नाही, त्यात कोंडा आणि बाकीचं सगळं असतं आणि दळण जाड असतं. रात्री भाकऱ्या केल्या.

७ फेब्रुवारी

किराणा दुकानातले पुडे घेऊन हौद भरायचा म्हणजे घरदार विकायला लागेल. पण आपण इचलकरंजीच्या बाजूला राहतो, इथे सायझिंगवाल्यांना ताण्याला, म्हणजे कापडाच्या उभ्या सुताला, खळ द्यायला स्टार्च पोत्यांनी लागतो आणि मी टेक्स्टाईलची असल्यामुळे हे माझ्याच डोक्यात यायला हवं होतं, आलं ते सिव्हिलवाल्याच्या. ५० किलोचं पोतं, भाव पुड्याच्या निम्म्याहून कमी.

एकाकडून सॅम्पल म्हणून १० किलो आणलं, बादलीत पाणी घालून ढवळलं आणि पाचच मिनिटांत लई भारी लुकण तयार. त्याने दिलेला माल थंड पाण्यात फुगणारा होता, आधीच शिजवून वाळवलेला. सायझिंगमध्ये असाही वापरतात, चूक त्याची नाही, मी 'स्टार्च द्या' एवढंच म्हटलं होतं. आपल्याला कच्चा, न शिजलेला, कण शाबूत असलेला हवा. विकत घ्यायच्या आधी चमचाभर माल कपभर थंड पाण्यात टाकून बघा: दहा मिनिटांनी तळाला पांढरा बसला आणि वर पाणी राहिलं तर घ्या, पळीवाढी झाला तर परत करा. ते लुकण वाया नाही गेलं म्हणा, सायन्स डेची सगळी पोस्टरं त्यानेच चिकटवली.

हे सगळं फोनवर आईला सांगितलं तर ती म्हणाली, "अगं हा तर चीकच की, कुरडयांचा." गहू तीन दिवस भिजवून वाटून गाळून रात्रभर ठेवला की तळाला जो पांढरा घट्ट बसतो तो. "हळू हात घातला की जातो आणि घाईने घातला तर बोटं दुखतात, तुला लहानपणी रागावले होते त्यात हात घातलास म्हणून." मी थर्ड इयरला येऊन पेपर वाचून जे समजून घेतलं ते आमच्या अंगणात दर उन्हाळ्यात पातेल्यात पडलेलं असायचं.

१२ ते २० फेब्रुवारी

परवानग्या. यावर लिहायला गेले तर वेगळा लॉग होईल. सगळ्यात मोठी अट एकच: ड्रेनेजमध्ये एक थेंब जायचा नाही. आणि अट बरोबर होती. हा घोळ पाइपात गेला की तळाला बसतो आणि दगड होतो, नाल्यात गेला तर आंबून पाण्यातला ऑक्सिजन खाऊन टाकतो, आणि पंचगंगेची अवस्था इकडच्या लोकांना मी सांगायला नको. आमच्यातल्या एकाचे काका म्हशींना घालायला न्यायला तयार होते, आम्ही खूश, पण जनावरांच्या डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले एवढा नुसता स्टार्च पोटात गेला तर ॲसिडोसिस होऊन, म्हणजे आम्ल वाढून, जनावर आडवं होईल. कॅन्सल. मग विल्हेवाटीचा प्लॅन नाही तोवर पोती घ्यायची नाहीत असं ठरलं आणि चार दिवस नुसतेच बसलो.

मार्ग शेवटी आईनेच सांगितला. "नितळू द्या, वरचं काढा, उन्हात वाळवा. आम्ही काय चीक गटारात ओततो काय?"

२५ फेब्रुवारी

हौद. आधी प्लायवूड उभं करून बाहेरून टेकू लावले, साध्या पाण्याने भरून बघितलं तर बाजू पोट सुटल्यासारख्या बाहेर आल्या. हा घोळ पाण्यापेक्षा साधारण १.२ पट जड, ७ इंच खोलीला १२ फुटी बाजूवर जवळजवळ ७० किलोचा रेटा येतो, तो नुसता उभा असताना, वर पोरं उड्या मारणार ते वेगळं. मग आठ इंची सिमेंटचे भरीव ब्लॉक नुसते रचून चौकट केली, आत ताडपत्री दुहेरी, झालं. ब्लॉक स्वतःच्या वजनानेच जागेवर राहतात.

खोली ७ इंच का, तर अडकला तरी माणूस पोटरीपर्यंतच जावा. यूट्यूबवर लोक फूटभर, दोन फूट भरतात, ते कशाला ते मला कळत नाही. खोली वाढवली की खर्च वाढतो आणि पळायला उलट जास्त अवघड होतं, कारण पायाखालचा घट्ट गड्डा तळाला टेकला की आधार आणखी पक्का मिळतो. शिवाय अडकलेला माणूस घाबरून पाय हिसकतो आणि हिसकला की घोळ आणखी घट्ट धरतो. बाहेर यायचं तर पाय हळू हळू हलवत, टाच आधी सैल करत. हे आम्ही प्रत्येकाला चढायच्या आधी सांगत होतो.

हिशेब: ८ पोती म्हणजे ४०० किलो, पाणी ३४० लिटर, मिळून ६०० लिटरच्या आसपास. एक पोतं जास्तीचं घेऊन ठेवलं. हे वाक्य लक्षात ठेवा.

२८ फेब्रुवारी, सकाळ

४०० किलो हाताने कालवता येत नाही. म्हणजे बादलीभर कालवतानाच मनगटं जातात, कारण जोर लावला की ते घट्ट आणि जोर नाही लावला तर ते मिसळत नाही. कॅम्पसवर बांधकाम चालू आहे तिथल्या ठेकेदाराकडून काँक्रीट मिक्सर मागितला, तो आधी हसला आणि मग म्हणाला न्या पण परत देताना चकाचक पाहिजे. आम्हाला तर आधीच चकाचक करावा लागला, आतलं वाळलेलं सिमेंट छिन्नीने काढायला दोन तास गेले, नाहीतर पायाखाली खडे आले असते.

मिक्सरचा ड्रम सावकाश फिरतो ना, तेच इथे कामाला येतं. आधी पाणी, मग स्टार्च घमेल्याने थोडा थोडा. उलटं केलं तर पात्यांवर असा गोळा बसतो की ड्रम थांबवून आत हात घालून उकरावा लागतो (आमची पहिली बॅच). एका बॅचला एक पोतं आणि साडेबेचाळीस लिटर पाणी, म्हणजे वीस लिटरचे दोन जार आणि वर अडीच लिटर.

तिसऱ्या बॅचला जार ओतणाऱ्या महाशयांना कोणाचा तरी फोन आला आणि बोलत बोलत त्यांनी तिसरा जारही ओतला. साठ लिटर. ते ओतून दिलं हौदात आणि मग आरडाओरडा. पूर्ण हौद ताक. जास्तीच्या पोत्यातला २० किलो घालून आणि दोघांनी फावड्याने अर्धा तास अगदी सावकाश, झोपेत असल्यासारखं, ढवळून तो जागेवर आणला. एकूण स्टार्च ४२० किलो तो असा झाला.

बरोबर झालाय हे ओळखायची खूण: वरून थाप मारा. चकचकीत पृष्ठभाग थाप मारल्याबरोबर मॅट, कोरडा दिसायला हवा आणि क्षणात परत ओला चमकायला हवा. कोकणात ओल्या वाळूवर पाय ठेवला की पायाभोवती वाळू कोरडी पडते ना, त्याचाच भाऊ. दाबामुळे कण एकमेकांवर चढून मधली जागा वाढते आणि वरचं पाणी आत खेचलं जातं, ब्रिटिश इंजिनिअर ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने १८८५ सालीच हे सांगून ठेवलंय.

२८ फेब्रुवारी, दुपार

नाद खुळा. दुसरं काय लिहू.

पहिली पळाली ती इलेक्ट्रिकलची एक मुलगी, अनवाणी, सात-आठ पावलांत पलीकडे, आणि पलीकडे पोचल्यावर तिलाच विश्वास बसेना म्हणून परत पळत आली. जड माणसं बुडतील असं सगळ्यांना वाटत होतं, पण आमचा ८५ किलोचा विकेटकीपर आरामात गेला, वजनापेक्षा पाऊल कसं आपटता त्यावर आहे. चवड्यावर हळूच पळणारे फसतात, दण दण पाय टाकणारे तरतात. एकाने सायकल आणली होती, चाक अर्ध्यात रुतलं, चाक आपटत नाही ना, ते सावकाश दाबतं. दर पंधरा-वीस मिनिटांनी थांबून तळापासून फावडं फिरवावं लागतं नाहीतर खाली बसायला लागतं, आणि ऊन असेल तर वर पाण्याचा हलका फवारा. हौदातून बाहेर आल्यावर फरशीवर जो सडा पडतो तो मात्र जाम घसरडा, आमचा दिवसभरातला एकमेव पडलेला माणूस हौदात नाही, बाहेर पायऱ्यांवर पडला. ढोपर सोललं. पोती अंथरून ठेवा.

१ ते ६ मार्च

रात्रभर ठेवलं. सकाळी वर जेमतेम इंचभर पिवळट पाणी होतं, मला वाटलेलं निम्मं तरी निघेल, पण घोळ मुळातच एवढा गच्च असतो की नितळायला फार काही उरतच नाही. ते नळीने खेचून झाडांना घातलं. खाली चीक. फावडं मारलं तर ठण्ण आवाज, टेकवून सावकाश दाबलं तर लोण्यासारखं आत. अख्खा दिवस फावडं दाबण्यात गेला, घाई करणाऱ्याने एक दांडा मोडला.

मग घमेल्यांनी वर्कशॉपच्या गच्चीवर, दहा बाय दहाच्या चार ताडपत्र्यांवर, दोन सेंटिमीटरचा थर. थांबू नका, लगेच पसरा, आमची शेवटची चार घमेली दुसऱ्या दिवसापर्यंत राहिली आणि असा आंबूस वास सुटला की मेसवाले विचारायला आले. वाळताना आधी भेगा पडतात, मग खडे होतात, खडे चुरले की परत पीठ. चौथ्या दिवशी दुपारी वारा सुटला आणि खाली लावलेल्या तीन गाड्या पांढऱ्या झाल्या, त्यात एक नेमकी आम्हाला परवानगी देणाऱ्यांची. धुऊन दिली.

सगळं गोळा करून तोललं तर ३१२ किलो. बाकी शंभरएक किलो पायांना, कपड्यांना, हॉस्टेलच्या जिन्याला आणि वाऱ्याला. चाळून एक बादली परत कालवून बघितली, ५४ टक्क्यांना थोडं पातळ वाटलं, ५५ ला चोख. बहुतेक अजून पुरतं सुकलेलं नाही.

सात पोती वर्कशॉपच्या मागच्या खोलीत आहेत, ओल लागू नये म्हणून खाली फळ्या टाकल्यात आणि वर मोठ्या अक्षरात 'खाऊ नये' लिहिलंय. कोणाच्या कॉलेजला करायचं असेल तर जूनच्या आत टेम्पो घेऊन या, पावसाळ्यात इथे टिकणार नाही. स्टार्च फुकट, रिकामी पोती परत पाहिजेत.