अंदमानातला ‘निमो’ नेमका कुठला?

स्वराज द्वीप, म्हणजे पूर्वीचं हॅवलॉक. इथल्या उथळ प्रवाळावर नारिंगी मासा दिसला की गाईड ‘निमो’ म्हणून मोकळा होतो. अंदमानात या क्लाउनफिश माशांच्या निदान पाच जाती सापडतात. त्या ओळखायच्या तर आधी घर बघा, मग मासा. घर म्हणजे सी ॲनिमोन, तळाला चिकटून राहणारा, स्पर्शकांचा झुबका असलेला समुद्री प्राणी.

उघड्या खडकाच्या माथ्यावर, बोथट बोटांसारखे स्पर्शक आणि खाली जांभळट-तांबडा देठ असलेला ॲनिमोन दिसला तर दोघांपैकी एक भाडेकरू असतो. तीन पांढरे पट्टे आणि मधला पट्टा डोक्याच्या बाजूला फुगलेला असेल तर ओसेलारिस, म्हणजेच खरा ‘निमो’. आडवे पट्टे अजिबात नाहीत, फक्त पाठीवरून शेपटीपर्यंत पांढरी रेघ, तर अकॅलोपिसोस. ओसेलारिसशी हमखास गल्लत होणारा पर्क्युला इथला नव्हेच, तो पापुआ न्यू गिनीकडचा. तेव्हा पाठीच्या परातले काटे मोजत बसायची गरज नाही.

वाळूत पसरलेल्या, आखूड स्पर्शकांच्या गालिच्यासारख्या ॲनिमोनमध्ये काळपट मासा असेल तर सेबाची शक्यता धरा. त्याचा मधला पट्टा मागे कलून पाठीच्या परावर चढतो. क्लार्कीही काळपटच, पण त्याचा पट्टा सरळ असतो. शिवाय तो कुठल्याही यजमान ॲनिमोनमध्ये राहतो, त्यामुळे तिथे घरावरून अंदाज बांधला की फसायला होतं. तांबूस अंगावर मोठा काळा डाग आणि पट्टा नाही, तो एफिपियम. त्याच्या पिल्लाला मात्र डोक्यामागे पांढरा पट्टा असतो आणि डाग नसतो. पिल्लांवरून निवाडा करू नका, शेजारचे मोठे मासे बघा.

तिथी बघून जा. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात ओढ जास्त, गाळ उठलेला आणि ओहोटीला प्रवाळ जेमतेम पाण्याखाली. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असतो तेव्हा, पाणी शांत असतं. जानेवारी ते एप्रिल, सकाळची वेळ उत्तम. मगरींची सूचना असलेल्या किनाऱ्यावर पाण्यात उतरू नका, स्थानिक काहीही म्हणोत.

पाच-सहा मीटर खाली तांबडा रंग विरतो आणि नारिंगी मासा मातकट दिसतो. लहान टॉर्च ठेवा. फोटो एका बाजूने, पाठीचा पर उघडा असताना घ्या. समोरून घेतलेला कितीही गोंडस आला तरी ओळखीला निरुपयोगी. दुसरा फोटो ॲनिमोनच्या बुडाचा. ते खडकाच्या फटीत आहे की वाळूत, हे घरी आल्यावर आठवत नाही.

मासा मास्कवर धावून आला तर ॲनिमोनच्या बुडाशी खडकावर अंडी चिकटवलेली असण्याचा संभव असतो. राखण मुख्यतः नर करतो. गटातली सर्वांत मोठी ती मादी. अशा वेळी हातभर मागे सरका, पण पायातले फिन्स खाली टेकवू नका.

किनाऱ्यावरचं मेलेलं प्रवाळसुद्धा पिशवीत टाकू नका. वन्यजीव कायद्याखाली तो गुन्हा आहे.