ओसरीवरचा धूळमापक : हिवाळ्याचे आकडे

एसडीएस०११ (हवेतली धूळ लेझरने मोजणारा सेन्सर) गोठ्याजवळून काढून ओसरीच्या खांबावर बसवला. गोठ्यात कडबा टाकला की आलेख उगाच उसळायचा. सोबत दमटपणा मोजणारा बीएमई२८० जोडलाय. दमटपणाची नोंद नसेल तर धुळीचा आकडा अर्धाच, असं माझं ठाम मत झालंय.

डिसेंबर-जानेवारीत पीएम २.५ चा (अडीच मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांचा) आलेख रोज दिवस बुडता चढतो, पहाटे पुन्हा चढतो, दुपारी झोपतो. चुली तर दुपारीही पेटतात. पण निरभ्र, वारं पडलेल्या रात्री जमीन झपाट्याने निवते, तिला लागून गार हवा बसते आणि वर उबदार हवेचं झाकण. धूर कौलांच्या जरासा वर जातो नि आडवा पसरतो. नऊ-दहाला ऊन तापलं की झाकण फुटतं. ढगाळ रात्री चुली तेवढ्याच, शेकोट्याही तेवढ्याच, तरी आकडा खाली! ढग जमिनीला निवू देत नाहीत ना.

नागपूरच्या सरकारी केंद्राचा आलेख शेजारी लावला. चढउतार साधारण त्याच वेळांना. शहरातलं सिमेंट-डांबर रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडतं, त्यामुळे तिथे जमिनीलगतचा गार थर कच्चा राहतो; पण गाड्या आणि जळता कचरा एवढा, की त्याचा फायदा पुरत नाही. पीएम २.५ ची २४ तासांची भारतातली मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासून १५. हिवाळ्यात १५ च्या आत आमचं गावही क्वचितच.

धुक्याच्या पहाटेचा आकडा मात्र खरा धरू नका. हा सेन्सर ७० टक्के दमटपणापर्यंतचाच. त्यापुढे कण पाणी पिऊन फुगतात आणि लेझरला मोठे दिसतात. अशा नोंदी खोडत नाही, वेगळ्या रकान्यात खूण करतो.

फेब्रुवारीपासून पराटी (कापसाची वाळलेली झाडं) जाळणं सुरू. सांजच्याला पेटवली तर धूर रात्रभर गावात. शेजारच्या काकांना म्हटलं, दुपारी पेटवा, धूर वर निघून जाईल. "अन् दुपारच्या वाऱ्यानं आग दुसऱ्याच्या वावरात गेली मंग?" त्यांचंही खरंच.

मे महिन्यात जाड धूळ जास्त. ती हा सेन्सर नीट पकडत नाही, तेव्हा पीएम १० चा (दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांचा) रकाना अंदाजापुरताच. मृगाआधी, दमट हवा सुकवायला, सेन्सरच्या हवा आत घेणाऱ्या नळीला छोटा हीटर लावायचाय. कोणी त्यासाठी निक्रोम तार (विजेने तापणारी) वापरली असेल तर किती वॅट पुरले, सांगा.