घरातल्याच आजाराचा माग काढणाऱ्या नॅन्सी वेक्सलर

आनुवंशिकतेचा पाठ शिकवताना हंटिंग्टन या मेंदूविकाराचे उदाहरण हमखास येते. फळ्यावर चौकोन आणि वर्तुळांची वंशावळ काढायची, आजारी पालकाच्या प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता ५० टक्के असते असे सांगायचे आणि पुढच्या मुद्द्याकडे वळायचे, ही माझीही पद्धत होती. याच आजाराचा माग काढणाऱ्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ नॅन्सी वेक्सलर यांच्या कामाचा अभ्यास केल्यापासून मात्र मी त्या वंशावळीपाशी बराच वेळ थांबतो.

१९६८ साली त्यांच्या आई लिओनोर लॉस एंजेलिसमध्ये सकाळी रस्ता ओलांडत असताना, इतक्या लवकर दारू पिऊन हिंडायला लाज वाटत नाही का, असे एका पोलिसाने त्यांना खडसावले. लिओनोर प्यायलेल्या नव्हत्या. त्यांचा तोल जात होता तो हंटिंग्टनमुळे. लिओनोर यांच्या वडिलांना आणि तिन्ही भावांनाही हाच आजार होता. निदानानंतर नॅन्सी आणि थोरली बहीण ॲलिस यांना वडिलांनी, मनोविश्लेषक मिल्टन वेक्सलर यांनी, काहीही न लपवता सारे सांगितले आणि त्याच वर्षी आनुवंशिक आजारांवरील संशोधनासाठी संस्थाही उभी केली. सोयरिकीच्या वेळी घराण्यातला आजार झाकून ठेवणारी कुटुंबे आपल्याकडे कमी नाहीत, म्हणून त्या वडिलांचा हा मोकळेपणा मला फार मोलाचा वाटतो.

नॅन्सी रेणुजीवशास्त्रज्ञ नव्हत्या. १९७४ साली मिशिगन विद्यापीठातून त्यांनी चिकित्सा मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवली, आणि तिचा विषय होता हंटिंग्टनची टांगती तलवार डोक्यावर असलेली माणसे. व्हेनेझुएलातील माराकाइबो सरोवराच्या काठी या आजाराची कितीतरी कुटुंबे राहतात, हे डॉ. आमेरिको नेग्रेते यांनी १९५० च्या दशकातच नोंदवले होते. नॅन्सी १९७९ साली तिथे पोहोचल्या आणि १९८१ पासून वीसहून अधिक वर्षे, दरवर्षी, पथक घेऊन जात राहिल्या. पाण्यात रोवलेल्या खांबांवरची घरे, मासेमारीवर चालणारे संसार, आणि एकाच घरात आजोबांपासून नातवापर्यंत हातापायांना आवरता न येणारे झटके. कोण कुणाचा मुलगा, कुणाचे लग्न कुणाशी झाले, हे विचारत विचारत त्यांनी जी वंशावळ जुळवली, ती पुढे दहा पिढ्या आणि १८,००० हून अधिक माणसांपर्यंत गेली.

परक्यांना रक्त द्यायला लोक साहजिकच कचरत होते. तेव्हा पथकातील परिचारिका फिदेला गोमेझ यांनी नॅन्सींचा हात धरून त्यांना सगळ्यांमधून फिरवले आणि त्वचेचा नमुना काढल्याचा दंडावरचा व्रण दाखवला: हिच्या आईलाही हाच आजार होता, हिनेही नमुना दिला आहे. माझ्या मते या संशोधनाचा पाया प्रयोगशाळेत नव्हे, तर तिथे घातला गेला.

ते रक्तनमुने बोस्टनला जनुकशास्त्रज्ञ जेम्स गुसेला यांच्याकडे जात. १९८३ साली त्यांनी चौथ्या गुणसूत्रावर आजाराशी जोडलेली खूण शोधली; प्रत्यक्ष जनुक हाती यायला मात्र आणखी दहा वर्षे आणि सहा संशोधक गटांचे एकत्रित श्रम लागले. या जनुकात सीएजी ही डीएनएच्या लिपीतली तीन अक्षरे ओळीने पुन्हापुन्हा येतात. निरोगी माणसात ही पुनरावृत्ती साधारण २६ पर्यंत असते; ४० किंवा त्याहून जास्त असेल, तर पुरेसे आयुष्य लाभलेल्या व्यक्तीला आजार होतोच.

त्यामुळे लक्षणे दिसण्याआधीच भविष्य सांगणारी चाचणी शक्य झाली. जिच्या कामातून ती आली, त्या नॅन्सींनी स्वतः ती करून घेतली नाही. काहींना यात विसंगती दिसते, मला दिसत नाही. उपाय नसलेल्या आजाराबद्दल जाणून घ्यायचे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे आणि त्याआधी त्याला नीट समुपदेशन मिळावे, हा आग्रह त्यांनी सातत्याने धरला. मानवी जनुकसंच प्रकल्पाच्या नैतिक, कायदेशीर आणि सामाजिक प्रश्नांवरील कार्यगटाचे नेतृत्वही त्यांनी केले. २०२० साली, पंच्याहत्तरीच्या उंबरठ्यावर असताना, आपल्यालाही हाच आजार असल्याचे त्यांनी जाहीरपणे सांगितले.

झटके कमी करणारी औषधे आज मिळतात, पण आजाराची वाटचाल थांबवणारे औषध अजून सर्रास उपलब्ध झालेले नाही. माराकाइबोच्या ज्या कोळ्यांच्या रक्तातून जगाला हे जनुक सापडले, त्यांच्यासाठी १९९९ साली एक शुश्रूषागृह सुरू झाले होते. पैशांअभावी तेही पुढे बंद पडले. उपचार सापडेल तेव्हा तो सर्वात आधी त्या सरोवराकाठी पोहोचला पाहिजे, असे मला मनापासून वाटते.