सामाईक मीटरचं बिल आणि एका कार्यालयाचा हिस्सा : माझा अनुभव

एकाच छताखाली सात-आठ सरकारी कार्यालयं आली की लोकांची सोय होते, यात वाद नाही. पण त्या इमारतीची लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले आणि आवारातले दिवे ज्या मीटरवर चालतात, त्याचं बिल कुणाच्या अनुदानातून, म्हणजे खर्चासाठी मंजूर झालेल्या रकमेतून, जायचं हे आधी कुणी ठरवलेलं नसतं. आमच्या तालुक्याच्या प्रशासकीय इमारतीतही नव्हतं. ज्या कार्यालयाच्या नावावर ते सामाईक मीटर घेतलं गेलं, त्याच्या लेखा शाखेत मी आहे, त्यामुळे ही नस्ती, म्हणजे फाईल, माझ्या टेबलावर आली. बाकीचं काम झालं, पण एका कार्यालयाच्या हिश्श्यानं जो मनस्ताप दिला तो अजून उतरलेला नाही. दुसऱ्या एखाद्या तालुक्यात हीच नस्ती घेऊन कुणी बसलं असेल, तर त्यांना उपयोग व्हावा म्हणून लिहिते आहे.

बाहेरच्या माणसाला वाटतं, सरकार एकच, खिसा एकच, मग भांडण कशाचं? खिसा एक नसतो. विधानसभा पैसे खातेनिहाय मागण्यांवर मंजूर करते. जिल्हा प्रशासनाचा खर्च 2053 या प्रधान लेखाशीर्षाखाली (खर्च ज्याखाली नोंदतात तो क्रमांक), मुद्रांक व नोंदणीचा 2030 खाली, कोषागाराचा 2054 खाली, सहकाराचा 2425 खाली. पुनर्विनियोजन, म्हणजे एका बाबीचा पैसा दुसरीकडे वळवणं, करायचं तर ते त्याच मागणीच्या आत. म्हणजे 2053 मधून मुद्रांक व नोंदणी खात्याच्या दुय्यम निबंधकांच्या वाट्याची वीज भरली, तर लेखापरीक्षणात त्याचं उत्तर भरणाऱ्यालाच द्यावं लागतं. आणि पहिली काही बिलं आमच्याच अनुदानातून गेली होती, कारण बिल आमच्या नावावर होतं आणि वीज तोडलेली कुणालाच नको होती.

सगळ्यांनी हिस्से आमच्याकडे जमा करावेत आणि आम्ही एकरकमी बिल भरावं, ही सूचना प्रत्येक बैठकीत येते. ऐकायला सोपी आहे, पण चालत नाही. बँकेत खातं उघडून त्यात सरकारी पैसा ठेवायचा तर परवानगी वर वित्त विभागाकडून आणावी लागते. ग्रास या सरकारी ऑनलाइन भरणा प्रणालीवर चलन करून भरा म्हटलं तर तो पैसा राज्याच्या एकत्रित निधीत जमा होतो आणि तिथून कायद्यानं मंजूर झालेल्या अनुदानाशिवाय एक रुपयाही बाहेर निघत नाही. आमच्या बीडीएसवर (कार्यालयाला मिळालेलं अनुदान दाखवणारी संगणक प्रणाली) त्यातलं काहीच परत दिसत नाही. हिस्से भरणारे समाधानी, राज्याची तिजोरी भरलेली, आणि आमचं 06 म्हणजे ‘दूरध्वनी, वीज व पाणी देयके’ हे उद्दिष्ट (खर्चाच्या प्रकाराचं शीर्ष) तेवढंच रिकामं. अमेरिकेत केंद्र सरकारच्या इमारतींसाठी 1975 पासून वेगळा निधीच आहे. प्रत्येक खातं जागेचं भाडं त्यात भरतं आणि इमारतींचा खर्च त्यातून चालतो. आमच्यासारख्या इमारतीला तसा फिरता निधी मिळाला तर माझ्यासारख्यांची निम्मी कामं संपतील. तो नाही, तोवर एकच रस्ता चालतो: प्रत्येक कार्यालयानं आपला हिस्सा आपल्या अनुदानातून, आपल्या आहरण व संवितरण अधिकाऱ्यामार्फत (डीडीओ, म्हणजे कोषागारातून पैसे काढण्याचा अधिकार असलेला अधिकारी), थेट वीज कंपनीला त्याच ग्राहक क्रमांकावर भरायचा. आमच्या हातात पैसा यायलाच नको.

हे ठरल्यावर बाकीच्यांचं सुरळीत झालं. बांधकाम उपविभागानं नकाशावरून प्रत्येक कार्यालयाच्या ताब्यातल्या चटईक्षेत्राचा दाखला दिला, समितीच्या बैठकीत टक्के ठरले, इतिवृत्तावर वरिष्ठांची मान्यता आली. समजा महिन्याचं बिल 40,000 आणि एखाद्या कार्यालयाचा वाटा 12 टक्के, तर त्यांनी 4,800 भरायचे, इतका साधा हिशोब.

अडलं ते तिसऱ्या मजल्यावरच्या एका कार्यालयाशी. नाव घेत नाही. त्यांचा तालुक्याचा अधिकारी डीडीओ नाही. त्यांचे पगार, प्रवासभत्ते, त्यांच्या आतल्या मीटरचं बिल, सगळं जिल्ह्याच्या कार्यालयातून निघतं. त्यामुळे बैठकीला येऊन, चहा घेऊन, सही करून जाणाऱ्या साहेबांच्या हातात पैसे काढण्याचा अधिकारच नव्हता. ते प्रत्येक वेळी मनापासून म्हणायचे, “मॅडम, मी वर पाठवतो.” आणि पाठवायचेही. वरून उत्तर यायचं, “या बाबीसाठी तरतूद नाही.” आम्ही लिहिलं, तरतूद नसेल तर मागणी करा. उत्तर आलं, मागणी करायला आधारभूत शासन निर्णय जोडा. कुठल्या शासन निर्णयात आमच्या इमारतीचं नाव असणार? स्मरणपत्रं गेली, आमच्या साहेबांनी अर्धशासकीय पत्र लिहिलं, जिल्ह्याच्या आढावा बैठकीत विषय निघाला. प्रत्येक वेळी “कार्यवाही सुरू आहे.” मधल्या काळात जिल्ह्याला दुसरे लेखाधिकारी आले आणि नस्ती पुन्हा पहिल्या टिपणीपासून सुरू झाली.

त्यांचा वाटा मोठा नव्हता. पण वीज कंपनीच्या हिशोबात बिल एक. सगळ्यांनी भरलं आणि एकानं नाही, तरी थकबाकी त्याच ग्राहक क्रमांकावर, त्यावर विलंब आकार, आणि पुढच्या महिन्याच्या बिलात ती सगळी रक्कम मिळवलेली. मग बाकीची कार्यालयं विचारू लागली की आमचे टक्के या फुगलेल्या आकड्यावर का काढता? त्यांचं बरोबरच होतं. मी दर महिन्याला चालू बिल आणि थकबाकी वेगळी काढून तक्ता करायचे. तो तक्ता या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त कामाला आला, म्हणून सांगून ठेवते: पहिल्या महिन्यापासून करा. नंतर करायला गेलात तर कुणी किती कमी भरलं हे शोधण्यात जीव जातो, कारण वेगवेगळ्या कोषागारांतून येणाऱ्या रकमा वीज कंपनीच्या पावतीत कार्यालयाच्या नावानं दिसत नाहीत.

शेवटी वीज अधिनियम 2003 च्या कलम 56 खालची 15 दिवसांची नोटीस आली. आमचं 06 तोवर संपलेलं होतं, आणि दुसऱ्याचा हिस्सा पुन्हा आमच्या अनुदानातून भरायला आमचे साहेब तयार नव्हते. त्यांचा निर्णय योग्य होता असं मी आजही म्हणेन. मुदत संपल्यावर सामाईक मीटर तोडलं. आतली मीटरं वेगळी असल्यामुळे संगणक, पंखे चालू होते. बंद पडली ती लिफ्ट आणि पाण्याचा पंप. दुपारपर्यंत स्वच्छतागृहांना पाणी नाही. तो निराधार योजनेच्या कागदपत्रांचा दिवस होता. एक आजी जिन्याच्या पहिल्या वळणावर बसल्या होत्या, गुडघ्यावर प्लास्टिकची पिशवी, पिशवीत रेशनकार्ड आणि आधार. आमच्या शिपायानं खुर्ची खाली नेली, मग कारकून रजिस्टर घेऊन त्यांच्यापाशी गेला आणि अंगठा तिथेच घेतला. एका कार्यालयाच्या चार-पाच हजारांच्या हिश्श्यासाठी लोकांना हे भोगावं लागलं, याचा राग मला त्या दिवशी आला आणि तो गेलेला नाही. तडजोड म्हणून उपस्थित डीडीओंनी आपापले पुढच्या बिलाचे हिस्से तातडीनं काढले आणि वीज पुन्हा जोडून घेतली. हा उपाय झाला नाही, फक्त वेळ मिळाला.

मग मी नस्ती काखेत मारून जिल्ह्याच्या त्या कार्यालयात स्वतः गेले. पत्रव्यवहारानं जे झालं नव्हतं ते समोरासमोर बसल्यावर कळलं. त्यांच्याकडे हा खर्च ‘नवीन बाब’ म्हणून धरला गेला होता. नवीन बाब म्हटली की स्वतंत्र प्रस्ताव, मंत्रालयापर्यंतचा प्रवास, पुढच्या वर्षाची वाट. म्हणून शासन निर्णय मागत होते. नव्या लेखाधिकारी मॅडमनी त्याच तालुक्याच्या आतल्या मीटरचं बिल काढून समोर ठेवलं, आमचं सामाईक बिल शेजारी ठेवलं आणि म्हणाल्या, “हे दोन्ही 06 चंच आहे. ही वाढीव मागणी आहे, नवीन बाब नव्हे.” एवढं एक वाक्य लिहायला इतका काळ लागला होता. त्यांनी ते टिपणीत लिहिलं, आठमाही सुधारित अंदाजात (वर्षाचे आठ महिने झाल्यावर होणाऱ्या खर्चाच्या फेरअंदाजात) रक्कम धरली, आणि तरतूद आल्यावर पहिलं देयक कोषागारात गेलं.

तिथे पुन्हा आक्षेप: मूळ बिल आहरण करणाऱ्या कार्यालयाच्या नावावर नाही. हा आक्षेप मला अपेक्षित होता आणि माझ्या मते तो रास्तही होता, कोषागारानं हे तपासलंच पाहिजे. त्यासाठी आम्ही देयकासोबत चार कागद लावून दिले: मान्यता मिळालेलं इतिवृत्त, चटईक्षेत्राचा दाखला, आमच्या साहेबांनी साक्षांकित केलेली बिलाची प्रत, आणि आमचं प्रमाणपत्र की या बिलातली अमुक रक्कम त्या कार्यालयाचा हिस्सा असून ती आम्ही यापूर्वी आहरित केलेली (कोषागारातून काढलेली) नाही आणि करणार नाही. शेवटचं प्रमाणपत्र पाहिल्यावर देयक पारित झालं. वीज कंपनीच्या पावतीवर तो आकडा पाहिला तेव्हा मी शाखेत पेढे आणले. अभिमान वाटला आणि तो लपवायचं कारण नाही.

आता आठवतील तशा गोष्टी. बैठकीला येणारा अधिकारी डीडीओ आहे का, हे पहिल्याच दिवशी विचारा. नसेल तर इतिवृत्ताची प्रत त्याच्या डीडीओला थेट आणि नियंत्रण अधिकाऱ्याला (त्याच्या खात्याच्या खर्चावर देखरेख करणारा वरिष्ठ) माहितीसाठी, दोघांना पाठवा. तुमच्या पत्रात विषयाच्या ओळीतच ‘उद्दिष्ट 06 अंतर्गत नियमित खर्च’ असे शब्द घाला. टिपणी लिहिणारा कारकून तीच ओळ उतरवून घेतो.

सुरक्षा रक्षकांचं आणि सफाईचं गणित वेगळं आहे. ते 10 म्हणजे कंत्राटी सेवांतून जातं, आणि तिथे विजेसारखा एकच ग्राहक क्रमांक नसतो. करारनामा एकानंच करावा, पण पुरवठादारानं प्रत्येक कार्यालयाच्या नावे त्याच्या टक्क्यांप्रमाणे वेगळं बिल द्यायचं, अशी अट निविदेतच घाला. नंतर पुरवठादार ऐकत नाही. कराराची एकूण रक्कम अडीच लाखांच्या वर असेल तर जीएसटीची 2 टक्के कपात प्रत्येकाच्या लहानशा बिलातून कशी करायची हा प्रश्न येतोच, तो कोषागाराला आधीच विचारून घ्या. लिफ्टची दुरुस्ती आमच्याकडे बांधकाम विभागाची विद्युत शाखा पाहते. ती हिश्श्यांत धरू नका, उगाच वाद वाढतो.

इमारतीत महामंडळाचं एखादं कार्यालय असेल तर ते सर्वांत आधी पैसे देतं, कारण त्याचा स्वतःचा निधी असतो. त्यांनाही चलन भरायला लावू नका, वीज कंपनीच्याच नावे भरायला सांगा.

आणि मार्च. फेब्रुवारीचं बिल मार्चमध्ये येतं, मार्चचं एप्रिलमध्ये, म्हणजे नव्या वर्षाच्या अनुदानावर. 31 मार्चला उरलेली रक्कम व्यपगत होते, म्हणजे हातची जाते, त्यामुळे फेब्रुवारीच्या बिलाचे हिस्से मार्चच्या पहिल्या आठवड्यात कळवा. तिसऱ्या आठवड्यात कळवलेत तर कोषागाराच्या गर्दीत एखादं तरी देयक मागे राहतंच.

थकबाकीची मुद्दल आता फिटली आहे. विलंब आकाराचं मात्र झालेलं नाही. त्या काळातला सगळा विलंब आकार लेखापरीक्षणानं ‘टाळता येण्याजोगा खर्च’ म्हणून आमच्या कार्यालयावर काढला आहे, कारण मीटर आमच्या नावावर. अनुपालनात, म्हणजे या आक्षेपाच्या उत्तरात, मी तक्ता, स्मरणपत्रांच्या जावक नोंदी आणि त्या कार्यालयाची उत्तरं जोडली आहेत, आणि ही रक्कम त्यांच्याकडूनच वसूल व्हावी असं लिहिलं आहे. लेखापरीक्षणाचा तो परिच्छेद, म्हणजे आक्षेप, अजून उघडा आहे.