वाकड्या वाटेवरचा बँजो

ब्लूग्रास या अमेरिकेतील तंतुवाद्यांच्या संगीताशी माझी पहिली ओळख इयरफोनमधून झाली आणि ती फारशी सुखाची नव्हती. नोकरीनिमित्त अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनातील शार्लटला येऊन तेव्हा सहा महिनेच झाले होते. कार्यालयातील एका सहकाऱ्याने "आमच्याकडचे काही ऐकून बघ" म्हणून पाठवलेल्या ध्वनिमुद्रणांत बँजो (आपल्याकडचा बटणांचा नव्हे, लांब मानेचा आणि बोटांनी छेडायचा) पत्र्यावर गारा पडाव्यात तसा कोसळत होता आणि गाणारा पट्टी चढवून, थोडा नाकातून, पलीकडच्या डोंगरावरील माणसाला हाक मारावी तसा गात होता. दोन गाणी ऐकून मी ते बंद केले. पुढे शेल्बी या जवळच्या गावात, जुन्या न्यायालयाच्या इमारतीतील प्रसिद्ध बँजोवादक अर्ल स्क्रग्ज यांच्या संग्रहालयात जाण्याचा योग आला आणि तिथे एका वादकाला तीन-चार हात अंतरावरून वाजवताना पाहिले. कानाला जो नुसता गलका वाटला होता, तो एका उजव्या हाताच्या तीन बोटांचा काटेकोर हिशेब होता. तेव्हापासून हे संगीत ऐकायचे ते शक्यतो समोर बसूनच, असा माझा जवळजवळ नियम झाला आहे.

त्याच नियमापोटी मागच्या जून महिन्यात एका शुक्रवारी दुपारी आम्ही दोघे उत्तरेकडे निघालो. व्हर्जिनियाच्या नैर्ऋत्य भागातील डोंगरांतून 'क्रूकेड रोड' नावाचा तीनशे मैलांहून लांब असा संगीतमार्ग जातो. तो एक सलग रस्ता नसून जुनी दुकाने, सभागृहे आणि छोटी गावे यांना जोडणारी नागमोडी वाटच आहे. पत्नीने लहानपणी पुण्यात सात-आठ वर्षे सतार शिकलेली आहे, परंतु माझ्या या छंदाबद्दल तिचे मत तोवर "तुझा तो टणटणाट" या तीन शब्दांत मावत असे. महामार्ग क्रमांक ७७ फॅन्सी गॅपपाशी एकदम डोंगर चढू लागतो, कानांत दडे बसतात आणि मागे वळून पाहिले की नॉर्थ कॅरोलायनाचा सपाट प्रदेश घाटमाथ्यावरून कोकण दिसावे तसा खाली पसरलेला दिसतो. तिथून फ्लॉइडपर्यंतच्या प्रवासात गायी, गवताचे गठ्ठे आणि चर्च यांखेरीज सांगण्यासारखे काही नाही.

फ्लॉइड हे जेमतेम काही शे वस्तीचे गाव आहे आणि साऱ्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, वाहतुकीचा दिवा एकच, असे तिथले लोक थोड्या अभिमानाने सांगतात. त्या दिव्याजवळच फ्लॉइड कंट्री स्टोअर हे जुने दुकान आहे. १९८०च्या दशकात काही मंडळी दुकान बंद झाल्यावर शुक्रवारी रात्री तिथे सरावासाठी जमत असत. बाहेर आवाज ऐकून लोक दार ठोठावू लागले, दार उघडावे लागले आणि त्यातून शुक्रवारची 'जँबोरी' सुरू झाली. सायंकाळी साडेसहाला तासभर भक्तिगीते आणि त्यानंतर नृत्याचे संगीत, असा क्रम आजही आहे. धूम्रपान, मद्यपान आणि शिवीगाळ यांना आत पूर्ण मज्जाव आहे.

तिथे वाजते ते बहुतांशी 'ओल्ड टाइम' नावाचे जुने संगीत; ब्लूग्रास ही त्यातून पुढे निघालेली वेगळी गोष्ट आहे, हे एकदा सांगितलेले बरे, कारण या फरकावरून तिथली माणसे तावातावाने वाद घालू शकतात. ओल्ड टाइममध्ये फिडल, म्हणजे व्हायोलिनच, आणि बँजो एकच धून एकत्र, पुन्हा पुन्हा, न थकता वाजवतात. ती नाचणाऱ्यांसाठी असते, म्हणून तिला संपण्याची घाई नसते. ब्लूग्रास मात्र मंचासाठी आणि रेडिओसाठी घडलेले संगीत आहे. केंटकीतील रोझीन गावच्या बिल मन्रो यांनी १९३९ साली नॅशव्हिलच्या 'ग्रँड ओल ऑप्री' या रेडिओ कार्यक्रमात आपल्या 'ब्लू ग्रास बॉइज' या चमूसह प्रवेश केला. १९४५च्या डिसेंबरात एकवीस वर्षांचे स्क्रग्ज आपला तीन बोटांचा बँजो घेऊन त्यांना येऊन मिळाले आणि मन्रोंच्या चमूचे नाव पुढे एका साऱ्या शैलीला पडले. या शैलीत प्रत्येक वाद्याला आळीपाळीने पुढे येऊन आपली करामत दाखवता येते आणि बाकीचे तेवढा वेळ मागे सरून त्याला जागा करून देतात.

भक्तिगीते संपून पहिला नाचाचा चमू मंचावर आला आणि पहिल्या चार सुरांतच समोरची लाकडी जमीन माणसांनी भरून गेली. आजोबा, त्यांच्या नाती, शेतावरून तसेच आलेले तरुण, सगळे 'फ्लॅटफुटिंग' करत होते. यात कमरेवरचे शरीर जवळजवळ स्थिर ठेवायचे आणि पावले जमिनीपासून फार न उचलता तिच्यावर ताल वाजवायचा असतो. अनेकांच्या बुटांच्या तळाला धातूच्या पट्ट्या होत्या. या संगीतात ड्रम नसतो असे मी पत्नीला गाडीत मोठ्या अधिकाराने सांगितले होते. तिने माझ्याकडे नुसते पाहिले, कारण शंभरएक पायांखाली ती जमीनच एखाद्या भल्या मोठ्या डग्ग्यासारखी वाजत होती. मीही उत्साहाने टाळ्या वाजवू लागलो. थोड्या वेळाने शेजारच्या आजीबाईंनी माझा हात हलकेच धरून थांबवला आणि पुढच्या ठोक्याला सोडला. मी समेवर टाळी देत होतो आणि इथे टाळी समेला नव्हे, दोन ठोक्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत द्यायची असते. आपली सगळी सवय सम पकडण्याची. ती सोडून खालीच्या, म्हणजे त्या रिकाम्या जागेच्या, अंगाने जगायला मला पुढची तीन गाणी लागली.

खरी मजा मात्र बाहेरच्या फुटपाथवर होती. हवा उबदार असली की दुकानात न मावलेले किंवा मुद्दामच आत न शिरलेले वादक रस्त्यावर कोंडाळी करून बसतात. कोणीही वाद्य घेऊन यावे, पण आल्याबरोबर मध्ये घुसू नये. आधी कडेला उभे राहून हळू वाजवावे, कोणी मानेने खूण केली की आपली फेरी घ्यावी आणि ती संपताच पुढच्याकडे पाहावे. धून कोणत्या स्वरात आहे एवढेच तोंडाने सांगितले जाते, बाकी सगळा कारभार नजरेवर चालतो. शेवट जवळ आला की म्होरक्या बसल्या जागी एक पाय उचलतो आणि तो उचललेला पाय पाहून आठ-नऊ माणसे एकाच क्षणी थांबतात. ध्वनिमुद्रणात हे पाऊल ऐकू येत नाही आणि माझ्या मते निम्मा आनंद त्या पावलातच आहे.

एका कोंडाळ्याच्या कडेला सत्तरीचे एक गृहस्थ फिरकीच्या खुर्चीवर बसून ब्लूग्रास पद्धतीचा बँजो वाजवत होते. विश्रांतीच्या वेळी पत्नी वाकून त्यांच्या वाद्याकडे पाहू लागली. बँजोला पाच तारा असतात, परंतु पाचवी तार बाकीच्यांबरोबर वरच्या टोकापासून निघत नाही; ती मानेच्या कडेला पाचव्या पडद्यापाशी असलेल्या वेगळ्या खुंटीपासून सुरू होते, सर्वांत आखूड आणि उंच स्वराची असते, आणि अंगठा तिला मधून मधून छेडत राहतो.

"अरे, ही तर चिकारी!" ती मराठीतच उद्गारली.

चिकारी म्हणजे सतारीच्या कडेची, मधून मधून छेडायची उंच स्वराची तार, हे त्यांना मी समजावून सांगितले. सतारीचे नाव त्यांनी ऐकले होते, चिकारीचे अर्थात नव्हते. मग त्यांनी बोटांतल्या नख्या काढून तिच्या तळहातावर ठेवल्या: तर्जनी आणि मध्यमेसाठी पत्र्याच्या, चमच्यासारख्या वळलेल्या, आणि अंगठ्यासाठी कासवाच्या पाठीच्या रंगाची प्लॅस्टिकची. सतारीची तारेची नखी, म्हणजे मिजराब, बोटाच्या वरून बसते, ही नखी बोटाच्या गाभ्याकडे वळलेली असते, एवढाच फरक तिने ताबडतोब शोधून काढला. त्यांनी नख्या पुन्हा चढवून तिच्यासाठी अगदी सावकाश एक 'रोल' वाजवला. अंगठा, तर्जनी, मध्यमा, अंगठा, तर्जनी, मध्यमा, अंगठा, मध्यमा. आठ स्वर, परंतु त्यांचे वजन चार-चार असे न पडता तीन, तीन, दोन असे पडते आणि खाली बेस हे खर्जाचे मोठे तंतुवाद्य मात्र सरळ चालीत चालत असतो. पत्नी मांडीवर बोटांनी मोजत होती. दुसऱ्यांदा त्यांनी तेच गतीत वाजवले आणि गारांच्या त्या पावसात मला प्रथमच प्रत्येक गार वेगळी दिसली. चार वर्षे ऐकूनही हे मला कोणी इतक्या सोप्या रीतीने दाखवले नव्हते, हे थोड्या मत्सराने नोंदवतो. तिला पहिल्याच संध्याकाळी मिळाले.

शनिवारी सकाळी आम्ही ब्रिस्टलला गेलो. या शहराच्या मुख्य रस्त्याच्या मध्यावरून राज्याची हद्द जाते, त्यामुळे एका फुटपाथवर व्हर्जिनिया आणि समोरच्या फुटपाथवर टेनेसी. १९२७ साली २५ जुलै ते ५ ऑगस्ट या काळात व्हिक्टर या रेकॉर्ड कंपनीचे राल्फ पीर यांनी इथे टोप्यांच्या कंपनीच्या इमारतीत तात्पुरते यंत्र उभारले आणि १९ कलाकार-चमूंची ७६ ध्वनिमुद्रणे केली. तिथल्या संग्रहालयात ही हकिकत फार चांगली मांडली आहे. मला तिथे अधिक वेळ थांबवले ते एका कमी प्रसिद्ध माणसाने. ब्रिस्टलला ध्वनिमुद्रण करून पुढे अमेरिकाभर गाजलेल्या कार्टर कुटुंबातील ए. पी. कार्टर डोंगरोडोंगरी फिरून जुनी गाणी गोळा करत, तेव्हा पुढच्या काळात त्यांच्यासोबत लेस्ली रिडल नावाचे कृष्णवर्णीय गिटारवादक असत. कार्टर शब्द उतरवून घेत आणि चाल रिडल डोक्यात साठवून आणत. मन्रो यांनीही आपल्या गावाकडचे कृष्णवर्णीय वादक अर्नोल्ड शुल्झ यांचे ऋण मोकळेपणाने मान्य केले होते आणि मुळात बँजो हे वाद्यच पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांच्या भोपळ्याच्या वाद्यांतून जन्मले. दोन्ही संध्याकाळी श्रोत्यांत गोऱ्यांखेरीज आम्ही दोघे आणि आणखी फार तर चार माणसे असू. आमचे स्वागत सगळीकडे आपुलकीने झाले, तरीही हा इतिहास डोक्यात ठेवून बँजो ऐकला की तो वेगळा ऐकू येतो.

ब्रिस्टलपासून अर्ध्या तासावर, क्लिंच डोंगराच्या पायथ्याशी, पुअर व्हॅली नावाची अरुंद दरी आहे. १९२७च्या ऑगस्टमध्ये ए. पी. कार्टर, त्यांच्या पत्नी सारा आणि दिवस गेलेल्या अठरा वर्षांच्या भावजय मेबेल याच दरीतून ब्रिस्टलला गेले होते. ए. पी. आणि सारा यांची कन्या जॅनेट यांनी १९७४ साली वडिलांच्या जुन्या दुकानात दर शनिवारी गाण्याचा कार्यक्रम सुरू केला आणि गर्दी वाढल्यावर शेजारी उतारावर 'कार्टर फॅमिली फोल्ड' हे लाकडी सभागृह उभे राहिले. विजेवर चालणारी वाद्ये तिथे चालत नाहीत. हा नियम मोडण्याची मुभा प्रसिद्ध गायक जॉनी कॅश या जावयाला तेवढी होती. मेबेल यांची कन्या जून ही त्यांची पत्नी. तिच्या निधनानंतर, ५ जुलै २००३ रोजी, त्यांनी आपला अखेरचा जाहीर कार्यक्रम याच मंचावर केला.

साडेसातला पाच जणांचा ब्लूग्रास चमू आला: फिडल, बँजो, मँडोलिन, गिटार आणि उभा बेस. मंचावर मायक्रोफोन एकच होता. मी कॉर्नब्रेडची, म्हणजे मक्याच्या पावाची, बशी मांडीवर ठेवून तिसऱ्या रांगेत बसलो होतो आणि ती बशी मध्यंतरापर्यंत तशीच राहिली, कारण त्या एका मायक्रोफोनभोवती चाललेली ये-जा पाहण्यापुढे खाण्याकडे लक्ष जाईना. गायक ओळ संपवून अर्धे पाऊल मागे सरतो न सरतो तोच फिडलवाली त्याच्या खांद्याखालून पुढे येते. गज कोणाच्या डोळ्यात जाणार नाही इतक्या अंतराने मँडोलिनवाला बाजूला होतो. तिची फेरी संपते त्या क्षणी बँजो तिच्या जागी असतो. आवाज लहानमोठा करणारे तिथे दुसरे कोणी नसते, वादक आपल्या पावलांनीच तो करतात. मँडोलिनवाला आपली फेरी नसताना तारांवर आघात करून लगेच बोटे सैल करतो, त्यामुळे सूर उमटण्याआधीच मरतो आणि उरतो नुसता 'चक्' असा कोरडा ठोका. त्याला 'चॉप' म्हणतात. बेस सम सांभाळतो, चॉप खाली सांभाळतो. आदल्या रात्री आजीबाईंनी माझी टाळी जिथे नेऊन ठेवली होती, नेमकी तीच ही जागा.

मग तिघांनी डोक्याला डोके लावून एक संथ गीत धरले. मुख्य गायकाच्या वर, त्याच्याहून उंच स्वरात दुसरा आवाज लागला आणि दोन्हींच्या मध्ये जे काही कापऱ्या काठासारखे तयार झाले, ते इयरफोनमध्ये मला नाकातले वाटले होते. समोर बसल्यावर कळले की तो आवाज खरोखरच दूर पोहोचण्यासाठी घडलेला आहे. सभागृहाची बाजूची दारे उघडी होती आणि बाहेर दरी होती.

कार्यक्रम संपल्यावर वाहनतळावर आलो तेव्हा पूर्ण अंधार झाला होता आणि उतारावरच्या गवतात काजवे होते, भंडारदऱ्याला जूनच्या तोंडाशी असतात तसे, फक्त थोडे उंचावरून उडणारे. मी गाडी सुरू केली. तेवढ्यात चार गाड्या पलीकडे कोणी तरी आपल्या ट्रकचे मागचे फळकूट खाली पाडून त्यावर बसले, पेटीच्या कड्या उघडल्याचा आवाज आला आणि बँजोची पाचवी तार दोनदा छेडून जुळवली गेली.

"बंद कर," पत्नी म्हणाली, आणि मी गाडी बंद केली.